नवी पळी

गुणमालाबाई भांडीबाजार उरकून सांगलीतल्या बँकेच्या रांगेत उभ्या होत्या. पुढं कडेगावचे काका-पुतणे. पुतण्या साखर कारखान्यांच्या यंत्रांच्या कामावर अर्जेंटिनाला राहून नुकताच परतलेला.

"लोकं तिकडं बँकेत पैसं ठेवतच न्हाईत?"

"लय भ्यात्यात, काका. डॉलर घ्यायचं आन् गादीखाली दडवायचं."

"का रं?"

"पंचवीसेक वर्सांमागं सरकारनं एका दमात समद्यांची खाती गोठवली. आठवड्याला खर्चापुरतं काढा, म्हनलं."

"सवताचंच पैसं?"

"सवताचंच!"

"आयला! मग?"

"बाया पातेली आन् पळ्या घिऊन रस्त्यावर आल्या. बँकांची दारं बडवली. आमच्या घरमालकिणीचं पातेलं अजून चेपलेलं हाय."

"मिळालं का पैसं?"

"मिळालं तवा किंमत निम्म्याच्या खाली गेलती."

गुणमालाबाईंनी पर्समधली ठेवीची पावती चाचपली. तेवढ्यात शिपायानं शटर खाली ओढलं.

"सर्व्हर बंद पडलाय. आज पैसे मिळणार नाहीत. उद्या या."

काकांचा वासलेला आ तसाच राहिला.

गुणमालाबाईंनी पिशवीत हात घालून नवी कोरी पितळी पळी बाहेर काढली.

"काका, जरा बाजूला सरता का?"