गड बघायला आलेली येडी

शहात्तर साली आम्हाला बघून अख्खी वाडी पळाली होती, खोटं नाही सांगत! रतनगडावरून उतरताना माझ्या मित्राचा, दिलीपचा पाय मुरगळला. त्याला धरून कसेबसे पायथ्याच्या वाडीत पोचलो, तर आमच्या खाकी चड्ड्या बघून बाप्ये रानात पसार. दारात एक म्हातारी तेवढी उभी.

“नसबंदीवालं का जंगलखात्याचं?” तिनं विचारलं.

“कुणाचेच नाही, आजी. नगरहून गड बघायला आलोय.”

“निस्ता बघाया?”

तिनं दिलीपला घोंगडीवर बसवलं आणि रानाकडं हाक मारली, “या रं समदी! सायेब न्हाईत, येडी हायती!”

त्याच माणसांनी मग दिलीपला झोळीतून एसटीच्या रस्त्यापर्यंत नेलं. निघताना म्हातारी हळूच म्हणाली, “पाय बरा झाला की परत या. मला बी न्या वर. जल्म हितं गेला, पर गड बघितला न्हाई.”