शेळ्यांवर कुत्रं फुकट

…दोरी नका सोडू, सगुणाबाई, लांबूनच कळलं मला. डाव्या अंगाला मान टाकून गोल गोल फिरायलीय, मधीच भिंतीला डोकं लावून उभी ऱ्हायलीय — तीस वर्षं शेळ्यांचा धंदा करायलोय, बन्सीधरला काय दाखवता? बसा, चहा येऊ द्या. पिंकीला का जीपमध्येच बसवलं? सून हाय न ती तुमची? पेटी पण सोबत? पिंगळी स्टेशनातून चुडाव्याला, माहेरी — कायमची? का, तर ती घरात आली अन् शेळ्या फिराया लागल्या! वा! आमचा चुलता असाच — म्हैस आटली की बायकोच्या पायगुणाला बोल लावायचा, एक दिवस म्हशीनंच लाथ घातली, दोन दात गेले. हसा की थोडं… न्हाई? बरं.

अवो, पायगुण न्हाई, किडा हाय. चपटा, फितीसारखा, कुत्र्याच्या आतड्यात ऱ्हातो. कुत्रं हागलं की अंडी गवतावर, गवत शेळीच्या पोटात, तिथून मेंदूत — लिंबाएवढा पाण्याचा फोड. फोड दाबतो, शेळी फिरते. ती मेली, मुंडकं कुत्र्यानं फोडलं, की किडा परत कुत्र्यात. कुत्र्याला मात्र काय होत न्हाई, धडधाकट दिसतं — तुमच्या दारातलं दिसतंय तसंच.

व्हय, तेच. मीच दिलेलं, दिवाळीत, सहा शेळ्यांवर राखणीला फुकट. असं बघू नका. फिरणाऱ्या शेळ्या कुणी घेत न्हाई, मी घ्यायचो, कापायचो, मुंडकी माझ्या कुत्र्यांपुढं टाकायचो — मला काय म्हाईत? पोळ्याला जनावरांच्या डॉक्टरनी सांगितलं तवा कुठं कळलं… व्हय, पोळा आधी, दिवाळी नंतर. बरोबर ध्यानात आलं तुमच्या. सात कुत्र्यांना दर तीन महिन्याला गोळी कोण चारील? म्हटलं, वाटून टाकावीत. चांगल्या घरी दिली, देवाशपथ, चांगल्याच घरी.

ही गोळ्यांची पट्टी घ्या, कुत्र्याला द्या, मुंडकी खोल पुरा — पण आधी पेटी उतरवा. पोरीचा काय गुन्हा? अन् हे आपल्या दोघांतच… कुठं निघालात? जीप इकडं हाय. तिकडं बाजारातली माणसं बसलीत, सगुणाबाई, थांबा — त्या सूर्यभानला नका काय सांगू, त्याच्या हातातलं कुत्रं — शेवटचंच होतं अवो, सकाळीच दिलंय मी —