वकिलीणबाईचे मऊ लोणी

माझे पूर्ण नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत आहे, पण त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही. सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. वय सहासष्ट वर्षे, धंदा गाई पाळणे व दूध घालणे, राहणार दूध केंद्रामागची गल्ली, शेवटचे घर. घरामागचा गोठा माझा आहे. मी समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाला न जुमानता सांगते की,

मुलगा बोटीवर नोकरीला असल्याने घरी मी व सून अशा दोघीच राहतो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने सुनेने गाईंच्या आंबोणात, म्हणजे भुसा-पेंडीच्या खाण्यात, जवसाचे तेल घालायला सुरुवात केली. त्याने दुधातली चरबी मऊ होते व ती खाणाऱ्याला बरी, असे तिचे म्हणणे. माझा पहिल्या दिवसापासून विरोध होता. "गाय म्हणजे काय कढई आहे, तेल ओतायला?" असे मी म्हणाले. त्यावरून आमचे वाजले. तेलाच्या डब्याला मी बोट लावणार नाही, असेही मी बजावले होते. हे अशासाठी लिहून घ्यावे, की मी सुनेची तळी उचलणारी साक्षीदार नव्हे.

काल सकाळी केंद्रवाल्यांनी भर रांगेत आमच्या कॅनवर झाकण आपटले. म्हणाले, "मोठ्या बाई, तुमच्या दुधाची फॅट घसरलीय. लोणी गार करूनही घट्ट होत नाही. तुमची सून साय काढून घेते आणि दुधात तेल मिसळते." गोठ्यात तेलाचे डबे आहेत हे त्यांना डबे पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याकडून कळले होते. त्यांनी तक्रार दिली, डबा जप्त झाला व सुनेला ठाण्यात आणून दाराजवळच्या बाकावर बसवले. गुन्हा नोंदला असता तर आमचे दूध कोणीच घेतले नसते. सून एवढेच म्हणाली, "तेल गाईच्या पोटात जातं, कॅनमध्ये नाही." तिच्या चपलांना गोठ्यातले शेण तसेच होते. तिला पाय धुवायलाही वेळ दिला नव्हता. ते पाहून माझे डोके फिरले.

मी फौजदारसाहेबांना म्हणाले, "गाय इथं आणा. धार तुमच्या डोळ्यांदेखत काढू. कोणती आणायची ते तुम्हीच ठरवा." हवालदारांनी गोठ्यात जाऊन सर्वात गरीब दिसणारी गाय निवडली. ती नेमकी वकिलीणबाई निघाली. प्रत्येक गोष्टीला हरकत घेते म्हणून तिचे हे नाव पडले आहे.

संध्याकाळी तिला आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींशेजारी बांधले. ती पान्हा सोडेना. समोर ठेवलेले कोरडे आंबोण हुंगून तिने तोंड फिरवले. सून उठली, तर साहेब म्हणाले, "तुम्ही हात लावायचा नाही. आरोप तुमच्यावरच आहे." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी जप्तीतला डबा मागून घेतला. एका गाईला पत्र्याच्या मापाने एक माप, काठाला दोन बोटे कमी. तेल आधी भुशात मुरवायचे, मग पेंड, शेवटी मीठ. मी तसे केले. सुनेने विचारले, "आई, तुम्हाला माप कसं माहीत?" याचे उत्तर तपासाला आवश्यक नसल्याने मी दिले नाही.

वकिलीणबाईने टोपले चाटूनपुसून साफ केले व पान्हा सोडला. धार मी काढली. दूध साहेबांनी स्वतः सील करून ठाण्यातल्या फ्रीजमध्ये ठेवले.

आज सकाळी त्याच दुधाची साय साहेबांच्या टेबलावर, बरणीत घुसळली. घुसळणारे हात केंद्रवाल्यांचेच हवेत, असा मी आग्रह धरला. त्यांना घाम फुटला, पण लोणी चांगले निघाले. ते पुन्हा फ्रीजमध्ये गार केले व त्यांनी त्यावर अंगठा दाबला. अंगठा थेट तळाला टेकला. साय काढण्याआधी वेगळ्या ठेवलेल्या नमुन्याची फॅटही केंद्रातून आणलेल्या यंत्रावर कालच्या कॅनइतकीच लागली.

"हे तर तसंच आहे," केंद्रवाले म्हणाले.

"तसंच असणार. त्याच गोठ्यातलं आहे," मी म्हणाले. हवालदार हसले व नंतर खोकले.

तक्रार मागे घेतली गेली. पण आरोप रांगेत झाला, तर माघारही रांगेतच झाली पाहिजे, असे मी सांगितले. त्याप्रमाणे आम्ही सर्वजण केंद्रावर गेलो. केंद्रवाल्यांनी आमच्या कॅनचे झाकण स्वतः उघडले व "दूध चोख आहे, चूक माझी झाली," असे मोठ्याने म्हटले. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सून माझ्या शेजारी ताठ उभी होती. मला फार आनंद झाला. इतका आनंद मुलाला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. हे मुलाला कळवू नये.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे व एक चूक सोडल्यास बरोबर आहे. सुरुवातीला, गोठा माझा आहे, असे आले आहे. ते खोडून, गोठा सुनेचा आहे, असे लिहावे. खोडलेल्या जागी मी वेगळी सही करते.