भाऊ काढून बोला

(वडसा. माईक-भोंग्याचं दुकान. प्रचाराचे दिवस.)

लटारू : तो भोंगा आधी बंद कर, कमरू. मंग बोलतो.

कमरुद्दीन : बंदच हाय. बस ना, घामानं भिजला तू.

लटारू : बसाले नाई आलो. सकाळी पक्षाची गाडी आमच्या गावात फिरली. आवाज तुया. म्हणे, 'तिकीट नाई भेटलं म्हणून अपक्ष उभा राह्यला, लटारू गद्दार हाय.' साऱ्या गावानं ऐकलं.

कमरुद्दीन : टेप होती. मी गाडीत नव्हतो.

लटारू : तोंड त तुयंच होतं ना बे? हिवाळ्यात त्याच तोंडानं नाटकाची दवंडी देते, लोक जेवण टाकून बाहेर येतेत. म्हणूनच त्यायनं तुले पकडलं.

कमरुद्दीन : कागद त्यायनं लिहून देल्ला. मी वाचला.

लटारू : पोस्टर आपण दोघायनं चिकटवले, सतरंज्या आपण उचलल्या. तिकीट कोणाले, त नागपूरच्या ठेकेदाराले! त्याले धानाचा बांध कोनता आन रस्ता कोनता, ते नाई समजत. आन गद्दार मी?

कमरुद्दीन : मले काय आवडते का तो? पण तू पडला त धान कापाले जाशीन. मी पक्ष सोडला आन उद्या मोहल्ल्यात काई झालं, त ठाण्यात कोणाच्या नावानं फोन लावू? सांग.

लटारू : माया नावानं लाव. मागं तुया मोहल्ल्यातल्या आरिफले पोलिसायनं उचलून नेलं तवा ठाण्यात कोण आल्तं? पक्ष का मी?

कमरुद्दीन : तूच आल्ता. पण गळ्यात पक्षाचा गमछा होता तुया. ते त्याले घाबरले यार, तुले नाई.

लटारू : हे आज सांगून राह्यला मले.

कमरुद्दीन : आयक. टेप भरताना पहिल्या खेपेस 'लटारूभाऊ गद्दार हाय' असंच निंगालं तोंडातून. आदतच हाय. पक्षाचे आफिसवाले हासले. म्हणाले, भाऊ काढून बोला.

लटारू : आन तू काढलं.

कमरुद्दीन : काढलं.

लटारू : गद्दार म्हटलं ते पचवीन मी, निवडणूक हाय. पण भाऊ काढाले तुयी जीभ उचललीच कशी?

कमरुद्दीन : रुखमाबाईनं ऐकलं का?

लटारू : मायले आता दिसत नाई धड. आवाजावरच माणूस वळखते. तुया आवाज आला तशी उठली, चुलीवर चहा मांडला. गाडी निंगून गेली तरी दारातच उभी.

कमरुद्दीन : काय म्हणाली?

लटारू : म्हणे, कमरू कोण्या दुसऱ्याच लटारूवर लय चिडला हाय. येऊ दे, चहा पिऊन थंडा होईन. कप झाकून ठेवला हाय तिनं.