चावल्यावर घातलेली फुंकर

दवाखान्यात पुढचा नंबर माझा होता. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी शाळेत शिकवणारी, मनगटाला रुमाल बांधलेली.

"पोरगी आहे की मांजर? बाईंना चावते म्हणजे काय!"

"चूक माझीच, ताई. मागून खांद्यावर हात ठेवला. तिला समोरूनच हाक मारावी लागते."

"म्हणजे तूच चावून घेतलंस! मोठ्या बाईंना आत्ता फोन कर. तिचा वर्ग बदला म्हणावं, नाहीतर मी नोकरी सोडते."

"मघाशी रिक्षात तेच ठरवलं होतं. किती वाजले गं?"

"सारखं काय विचारतेस? दुखतंय का?"

"दुखतंय. पण चावल्यावर तिनं काय केलं, माहितेय? फुंकर घातली."

"वा! हार घाल तिला."

"आधी चावली की पळायची, कपाटामागे लपायची. आज थांबली, ताई."

"आणि उद्या परत चावली तर?"

"चावेलही. आपला नंबर कधी येणार?"

"एवढी कसली घाई?"

"शाळा सुटेल आता. मी फाटकात दिसले नाही, तर तिला वाटेल, बाई माझ्यामुळे गेल्या."

ताईनं घड्याळात पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आजोबा, हिला तुमच्या आधी आत जाऊ द्याल का? हिला शाळेत पोचायचंय."