खिडकीच्या खोलीबाबत

विषय : मुक्कामघरातली खिडकीची खोली रिकामी करून मिळणेबाबत. संदर्भ : आपली तोंडी विनंती, आत्ताच ओट्यावर उभं राहून केलेली. — बरोबर ना, मॅडम? हसा, हसा. सगळी हयात कारकुनीत गेली, बायकोशी भांडतानासुद्धा मी आधी विषय सांगायचो, मग संदर्भ, आणि मुद्द्यावर येईपर्यंत ती झोपलेली असायची. बसा. बॅग ठेवा खाली, जमीन सकाळीच सारवली आहे पण वाळली आहे. मी राहतो ती खोली देत नाही असं मी म्हटलेलंच नाही. तुमचा अर्ज माझ्या अर्जावर अवलंबून आहे, एवढंच म्हणणं आहे — आणि माझा अजून निकाली निघालेला नाही.

आधी पाणी प्या. पावसाचंच आहे — छपरावरून टाक्यात, टाक्यातून माठात, मधे सरकार कुठंच नाही, म्हणून चव चांगली आहे. तुमच्या त्या माहितीपत्रकात लिहिलंय ते सगळं खरं आहे : दगडमातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पंखा नाही, न्हाणीचं पाणी पपईला, आणि एक सौरदिवा — तो ढगाळ दिवशी आमच्याही आधी झोपतो. पूर्वी ह्याला गरिबी म्हणायचे, आता पर्यावरणपूरक म्हणतात. नाव बदललं की पुण्याहून माणसं येतात. तुमच्याबद्दल नाही बोलत मी. — एक संस्था होती, पाणलोटाचं काम करायची, तिनं ही जागा प्रशिक्षणासाठी बांधली. मग संस्था गेली, प्रशिक्षण गेलं, भिंती तेवढ्या राहिल्या. तेव्हा भिकाबाईंनी — जीपमधून तुमची बॅग उतरवून घेतली ना, त्याच — सगळ्या वस्तीला बसवलं आणि ठरवलं, इथं पाहुणे ठेवायचे. पण पाहुणा एका घराचा नाही, वस्तीचा. भाकरी पाळीनं सगळ्या घरांनी घालायची. आज गोजरबाईची पाळी आहे, ठेचा जपून खा. उद्या पंचफुलाबाई — तिखट कमी, चौकशा जास्त.

मी किती दिवसांसाठी आलो होतो? दोन. नरसीला नामदेवाचं दर्शन घ्यायचं, एक रात्र इथं काढायची आणि परत जायचं, असा कार्यक्रम होता. कार्यक्रमच तो, किती मनावर घ्यायचा? पुण्याला माझ्या स्वप्निलचा फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे — तुम्ही न विचारता सांगतोय, तेव्हा काय समजायचं ते समजा. तिथं मला कुणी काही म्हणत नाही. म्हणजे अगदी खरोखर कुणी काही म्हणत नाही. सकाळी सगळे जातात, मी दार लावून घेतो. संध्याकाळी येतात, मी दार उघडतो. ह्या कामाला माणूस लागत नाही, कडी पुरते. आणि इथं — इथं पहिल्याच पहाटे मी खोकलो तर भिंतीपलीकडून पंचफुलाबाई ओरडली, ‘सायेब, अडुळसा धाडू का?’ मी उठून बसलो. भिंतीपलीकडून मला कुणी काही विचारल्याला किती वर्षं झाली होती ते आठवत बसलो, आणि माझी जीप चुकली.

तर मुद्दा. माझा मुक्काम लांबला. मेंढरंवाल्यांच्या वस्तीत पाहुण्याला ‘कधी जाता’ म्हणून विचारत नाहीत, तसं विचारणं हलकं समजतात — आणि मीही ह्या त्रुटीचा पुरेपूर फायदा घेतला. पण पाहुणा तो पाहुणाच. वाड्याच्या अंगाला — मेंढरांचा वाडा हो, पेशवाई नाही — त्या संतरामचं घर रिकामं आहे, तो वसमतकडे कारखान्यावर राहायला गेलाय. माझ्या मनात आलं, आपण तिथं जावं, कायमचं. वस्तीतला माणूस म्हणून. मग मी काय केलं? जे येतं ते केलं. अर्ज लिहिला. ताव घेतला, समास सोडला, ‘प्रति भिकाबाई यांचे सेवेशी’ घातलं, घडी केली आणि त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून माझी बडदास्त वाढली, मॅडम. भाकरीवर तूप आलं, खाली गादी आली, मला बघून म्हातारी माणसं उठून उभी राहायला लागली. मी खूष. म्हटलं अर्ज मंजूर झाला, आपल्या मसुद्यात दम आहे. फक्त पंचफुलाबाई पहाटे काही विचारेना. मी मुद्दाम खोकून पाहिलं, तरी नाही. आणि वाड्यातली मेंढरं एकाएकी कमी दिसायला लागली — ती राखणारा माणिकराव ती घेऊन दोन टेकड्या पलीकडं गेला होता.

काय झालं होतं? ही अख्खी वस्ती सरकारी गायरानावर आहे. इथं वर कागद येतो तो एकाच कामाला येतो — उठा, जागा मोकळी करा. मी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ट्रकमध्ये फायली भरणारा माणूस, असले कागद माझ्या टेबलावरून शेकड्यानं गेलेत. मला कळायला नको? वाचता येणारं कुणी नव्हतं असं नाही, भिकाबाईंची सून शिवकन्या बारावी झालीय. पण तिला कागदाला हातच लावू दिला नाही. ह्यांचा कायदा असा की नोटीस वाचली तर मिळाली. वाचलीच नाही तर ती आलेलीच नाही. कुठल्याही कोर्टात हा टिकणार नाही, पण इथं इतकी वर्षं टिकलाय, आणि वस्तीही टिकलीय. मेंढरं हलवली ती जप्तीच्या धाकानं. आणि ते तूप पाहुण्याला नव्हतं, मॅडम, साहेबाला होतं. देवाला बोकड दाखवतात, तसं.

शेवटी भिकाबाईच आल्या. मागं चार बायका. हात जोडले आणि म्हणाल्या, ‘सायेब, इतके दिवस आमची भाकर खाल्ली. आन आता काहून उठवून राहिले आमाला?’

कागद मागवून घेतला — देव्हाऱ्याखाली ठेवला होता, तसाच, घडीचा — आणि मी तो मोठ्यानं वाचला. ‘वस्तीचा रहिवासी म्हणून राहू देण्याची कृपा व्हावी.’ पहिली गोजरबाई हसली, आणि मग जी वस्ती हसत सुटली ती माणिकरावाला सांगावा जाऊन मेंढरं परत येईपर्यंत. अजून कुणाला काही मागायचं असलं की ‘अर्ज दे’ म्हणतात. तूप बंद झालं त्याच दिवशी, ते बरंच झालं, पित्त होत होतं.

मंजुरी? नाही ना. भिकाबाईंनी कागद परत दिला. म्हणाल्या, ‘कागदानं कोणी घरचं व्हत न्हाई. तोंडानं मागा, समद्यांसमोर. मंग बघू.’

सोपं आहे म्हणता? तुम्हाला असेल. मी आयुष्यात तोंडानं काही मागितलेलं नाही. रजा अर्जानं, बदली अर्जानं, लग्नाचा होकारसुद्धा पोस्टकार्डानं कळवला होता. पुण्याहून निघालो तेसुद्धा फ्रिजवर चिठ्ठी लावून — ‘हिंगोलीकडे जात आहे, काळजी नसावी.’ स्वप्निलनं फोन केला? केला की, खाली गावात एसटीडीवर. म्हणाला, बाबा, गोळ्या आहेत ना? म्हटलं, आहेत. मग दोघांनाही पुढचं सुचेना. तसं काही नाही हो, लाइन खराब होती. — आणि इथं काय म्हणायचं? मला ठेवून घ्या? ह्या वयात? आणि नाही म्हणाले तर? कागदावर नकार आला तर माणूस तो फायलीला लावतो. तोंडावर आलेला कुठं लावायचा?

माझ्या वतीनं तुम्ही बोलता? नको, नको. ह्यात वकील चालत नाही. आज बोलणारच होतो तसा. बोलू दोन दिवसांत —

या, भिकाबाई. इकडं ठेवा गोजरबाईचं ताट. काही नाही, मॅडमना खिडकीची खोली पाहिजे म्हणतात. — मी? मी कुठं जाणार म्हणजे… तेच म्हणत होतो की… ते संतरामचं… वास चांगला येतोय पिठल्याचा, असं म्हणत होतो.

गेल्या. उंबऱ्यात थांबल्या होत्या जरा, तुम्ही पाहिलंत ना? मीही पाहिलं.

जेवा तुम्ही, मॅडम, गार होईल. तूर्त पलीकडची खोली घ्या, खिडकी नाही पण वारा येतो. आपली विनंती नोंदवून घेतली आहे. माझा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.