निंबाकाकांच्या नागमोडी रेघा

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

“नाना, आमचा गट मुंबईत एका कार्यक्रमात दुसऱ्या महायुद्धातलं आरमार जसंच्या तसं, गणवेशासह उभं करतोय. मी अधिकारी होणार आहे. खांद्यावरच्या पट्ट्या त्याच काळातल्या हव्यात. हा जुना फोटो बघा.”

“मोहिनी, या सोनेरी रेघा अशा नागमोडी का गं?”

“युद्धापुरते भरती झालेल्या अधिकाऱ्यांच्या नागमोडी असायच्या. कायम नोकरीतल्यांच्या सरळ.”

“नक्की?”

“तीन ठिकाणी तपासलंय. का हो?”

“माझ्या निंबाकाकांच्या पट्ट्या अशाच होत्या.”

“ते आरमारात होते? कधी बोलला नाहीत!”

“मी तेव्हा नुकताच कॉलेजात गेलो होतो. काकांनी त्यांच्या मुलीच्या, आपल्या अक्काच्या साखरपुड्यात पाहुण्यांना त्या दाखवल्या. मी म्हणालो, खऱ्या अधिकाऱ्याच्या रेघा सरळ असतात, या नाटक कंपनीतून आणल्या असतील. बठ्ठे हसले, सगळा मांडव.”

“आणि काका?”

“त्यांनी पट्ट्या रुमालात गुंडाळल्या. पुढे वीस वर्षं जगले, पण समुद्राचं नाव काढलं नाही.”

“पट्ट्या कुठे आहेत आता?”

“अक्काकडे असतील, धुळ्यातच, देवपूरला. तेव्हा फक्त तीच हसली नव्हती.”

“तिला आत्ता फोन लावू?”

“फोनवर नको. घरी जाऊ. तिच्या पोरासुनांसमोर सांगतो.”

“तिला आता कमी ऐकू येतं, नाना.”

“मग मोठ्याने सांगेन. तेव्हा मोठ्यानेच बोललो होतो.”